स्वमग्न मुलं, मोबाइलमधला सिंह आणि आपले पाच अतिचार



गेल्या महिन्यात एका दुपारी माझी धाकटी जाऊ हातात एक माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आली. पत्रकावर डोळ्यांना मोठा चष्मा बांधलेल्या एका हसऱ्या मुलाचा फोटो होता. स्वमग्न मुलांसाठी ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ थेरपी, सहा महिन्यांचं पॅकेज, हप्त्यांची सोय. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुमचं मूलही इतरांसारखं होईल.’

“ताई, काय करू?” ती म्हणाली. “नाही घेतलं आणि उद्या वाटलं की घ्यायला हवं होतं, तर?”

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या महिला मंडळातच अशी मुलं असलेली दोन-तीन घरं मला माहीत आहेत. आणखीही असतील, पण बायका बोलत नाहीत. म्हणून तिला जे उत्तर दिलं ते इथे सविस्तर लिहिते. तिला विचारूनच लिहिते आहे. मुलाला आपण चिनू म्हणू, हे त्याचं खरं नाव नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. हे तंत्र वाईट नाही. उपयोगी पडू शकतं, आमच्या घरी पडलंही आहे. पण ते घ्यायचं की नाही, हे पत्रकावरच्या हसऱ्या फोटोवरून ठरवू नका. त्यासाठी आपल्याकडे फार जुनी कसोटी आहे, अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांची.

आधी थोडं स्वमग्नतेबद्दल. हा शब्द ऐकला की आपल्याला ध्यानाला बसलेले मुनिमहाराज आठवतात. सासूबाईंनाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. “आपल्यातच रमतो, बरंच आहे की!” पण चिनू दोन वर्षांचा झाला तरी हाकेला वळत नव्हता. काही हवं असलं तर बोटाने दाखवत नव्हता. आमचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा, जणू तो हात म्हणजे सांडशीच. अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांची निरीक्षणं लिहून प्रसिद्ध केली, तेव्हापासून ऑटिझमची वेगळी ओळख पटायला लागली. हा रोग नाही, मेंदूच्या वाढीचीच ती वेगळी रीत आहे. ती आईच्या वागण्याने येत नाही, लशीमुळे येत नाही, आणि औषधाने जातही नाही. योग्य मदतीने मूल पुष्कळ शिकतं, आपापल्या गतीने.

पाठशाळेत आपण इंद्रियं मोजायला शिकलो: स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षु, कर्ण. या मुलांचीही इंद्रियं पाचच, पण त्यांतून येणारं जग बऱ्याचदा फार मोठ्या आवाजात येतं. आपल्याला जो मिक्सर ऐकूही येत नाही, तो त्यांच्या कानात घुसतो. सदऱ्याच्या मानेला असलेलं लेबल टोचत राहतं. पावसाळ्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की चिनू दोन्ही कान दाबून पलंगाखाली जाऊन बसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

आता ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी. नाव मोठं आहे, पण तुमच्यापैकी बहुतेकींनी ती वापरलेली असेल. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गूगलवर वाघ शोधून आपण तो घरात उभा केला होता, आठवतंय ना? मोबाइलच्या कॅमेऱ्यातून आपलीच खोली दिसायची, आपलाच सोफा, आणि सोफ्याशेजारी वाघ. समोरचं खरं जग तसंच ठेवायचं आणि त्यावर काहीतरी जास्तीचं दाखवायचं, एवढंच तिचं काम. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी वेगळी, ती समोरचं जग झाकून दुसरंच दाखवते.

त्या लॉकडाउनमध्ये चिनू पाच वर्षांचा होता. थेरपी बंद, शाळा बंद, बाग बंद. तो फारसा बोलत नव्हता, पण २४ तीर्थंकरांच्या लांछनांची कार्डं ओळीने लावायचा. बैल, हत्ती, घोडा, माकड, असं करत करत शेवटी सिंह. एकही चूक नाही. मला स्वतःला मधली चार-पाच अजून अडतात. एका दुपारी मी मोबाइलवर सिंह उभा केला. चिनूने आधी मोबाइलमध्ये पाहिलं, मग समोरच्या फरशीकडे. उठून महावीरांचं कार्ड आणलं आणि बरोबर सिंहाच्या पायाशी ठेवलं. मग त्याने बोटाने दाखवलं. माझा हात न धरता, स्वतःच्या बोटाने. आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

मी इतकी हरखले की सगळ्यांना हाका मारल्या. आवाज वाढवून सिंहाची डरकाळी लावली. “परत दाखव, परत दाखव” म्हणत त्याचा हात धरून ठेवला. दीर व्हिडिओ काढायला दुसरा मोबाइल घेऊन समोर उभे राहिले. दोन मिनिटांत चिनू जमिनीवर डोकं आपटत होता. शांत व्हायला पाऊण तास लागला. पुढे कित्येक दिवस त्याची कार्डांची ओळ पार्श्वनाथांच्या नागाशीच थांबायची. सिंहाला तो हात लावत नव्हता.

मोबाइल तोच आणि सिंहही तोच. एकदा त्याने चिनूसाठी दार उघडलं, आणि मी ते बंद केलं.

नंतर त्याच्या थेरपिस्ट ताईंनी मला दोन्ही गोष्टी समजावून सांगितल्या. चित्राचं कार्ड हातात, खरी वस्तू दुसरीकडे आणि बोलणारं माणूस तिसरीकडे, अशा तीन ठिकाणी लक्ष फिरवणं यातल्या बऱ्याच मुलांना जड जातं. मोबाइलच्या एकाच चौकटीत वस्तू, जागा आणि चित्र एकत्र आलं, म्हणून चिनूला ते सोपं झालं. आणि त्यावर मी आवाज, गर्दी, धरलेला हात हे सगळं एकदम लादलं, म्हणून ते सोसवेना.

जगात यावर चांगलं काम झालेलं आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी एक आरशासारखा पडदा तयार केला. मुलाच्या हातात साधा ठोकळा असायचा, पण पडद्यावरच्या त्याच्या प्रतिबिंबात त्या ठोकळ्याची गाडी झालेली दिसायची. काठीचा घोडा करणं, वाटीला गाडी म्हणणं, हे लटकं खेळणं स्वमग्न मुलांना बऱ्याचदा जमत नाही, त्याला हा आधार. स्पेनमध्ये वॅलेन्सिया विद्यापीठाने असाच पडद्यासमोर उभं राहून आपलं शरीर ओळखायचा खेळ केला आणि तो मोफत दिला.

सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा. त्यांनी गूगल ग्लास हा कॅमेरा असलेला चष्मा घेतला. समोरचं माणूस हसतंय, रागावलंय की घाबरलंय, हे चष्मा ओळखायचा आणि मुलाला खुणेने सांगायचा. ६ ते १२ वर्षांची ७१ मुलं या अभ्यासात होती. त्यातल्या काहींना चष्मा दिला, काहींना नाही. आठवड्यातून ४ वेळा, २० मिनिटं, ६ आठवडे, घरी, घरच्या माणसांबरोबर. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. लोकांमध्ये मिसळण्याच्या एका मापावर चष्मा वापरणाऱ्या मुलांची प्रगती स्पष्टपणे जास्त दिसली.

हे वाचून मलाही आनंद झाला. पण तोच अभ्यास नीट वाचला तर तीन गोष्टी दिसतात. एक, या सगळ्या मुलांची नेहमीची थेरपी चालूच होती, चष्मा तिच्या जागी नव्हता, जोडीला होता. दोन, मूल ‘इतरांसारखं’ होईल असं कुणी म्हटलेलं नाही. तीन, मार्च २०२३ मध्ये गूगलने तो चष्मा विकणंच बंद केलं. कंपनीला एखादी वस्तू परवडेनाशी झाली की ती बंद होते. आपलं मूल मात्र आपल्याकडेच असतं.

आता आपली कसोटी. दशलक्षण पर्वात रोज एक याप्रमाणे तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय आपण ऐकतो. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. लहानपणी आम्हाला बैलाचं उदाहरण देऊन शिकवलं होतं. बैलाला जखडून बांधू नये, मारू नये, त्याचे अवयव छेदू नयेत, झेपणार नाही इतकं ओझं लादू नये, चारापाणी तोडू नये. मला वाटायचं, आमच्याकडे बैलच नाही, तर हे आम्हाला कशाला? चिनू मोठा होऊ लागला तेव्हा कळलं कशाला.

बंध. उपकरण मुलाला नको असेल तर ते काढून टाकायची मोकळीक त्याला आहे का? की पट्टे आवळून, हात धरून ‘सेशन पूर्ण’ करायचं? दुसरं बंधन लवकर दिसत नाही. दात घासायचे तर मोबाइल, जेवायचं तर मोबाइल, असं झालं तर शिकणं झालंच नाही, खुंटा तेवढा बदलला. जे शिकवायचं ते शेवटी मोबाइलशिवाय करता आलं पाहिजे. ते कधी आणि कसं, हे केंद्राला पहिल्याच दिवशी विचारा.

वध. मारणं कुणीही कबूल करत नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच, की आईने आत बसलं तर चालेल का? दार बंद करून घेणाऱ्या जागी मूल सोडू नये, मग आत कितीही भारी यंत्र असो.

छेद. चिनू आनंद झाला की हात फडफडवतो, घाबरला तरी फडफडवतो. ती त्याची स्वतःला सावरायची रीत आहे. त्याने कुणाला इजा होत नाही. ‘हात खाली’ म्हणून ती मोडून काढणं म्हणजे त्याचा एक आधार तोडणं. यंत्र असो वा माणूस, मुलाचं काय तोडायला निघालंय ते पाहावं.

अतिभारारोपण. हा माझा अतिचार. इंद्रियांवरचा भार वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणून तो आपण लादत जातो. चमकणारी चित्रं, संगीत, टाळ्या, गुण, ‘शाब्बास!’ हे सगळं एकदम. चांगलं साधन एका वेळी एकच गोष्ट दाखवतं, आवाज बंद करता येतो, आणि मूल कंटाळलं की तिथेच थांबतं. वेळेचंही तसंच. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचं सांगणं आहे की २ वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन देऊच नये, आणि २ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसातून जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. थेरपीचा मोबाइल हाही मोबाइलच.

अन्नपाननिरोध. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी आम्ही चिनूला नेत होतो. तिथे त्याचाच डबा समोर ठेवून सांगायचे, “डोळ्यांत बघ, मग खाऊ मिळेल.” भुकेलेला चिनू डब्याकडे बघून रडायचा. आम्ही ते बाहेर काचेतून पाहिलं, आणि तरी आठ दिवस गप्प बसलो, कारण ते तज्ज्ञ आणि आम्ही साध्या बायका. आज मोबाइलमध्ये तेच वेगळ्या रूपात येतं. चेहरा ओळखला तर बक्षीस, नाही तर आवडती वस्तू बंद. बक्षीस देणं वेगळं, आणि हक्काचा घास अडवणं वेगळं.

या पाच प्रश्नांना केंद्राने नीट उत्तरं दिली, तर मी म्हणेन अवश्य करून पाहा. आमच्याकडचं चांगलं उदाहरणही सांगते. चिनूला कपाळावर गंध लावलेलं सहन व्हायचं नाही. ओला, गार स्पर्श झाला की तो किंचाळायचा. जावेने मोबाइलमधला एक फिल्टर शोधला, कॅमेऱ्यात चेहरा दिसला की कपाळावर टिळा दिसतो. हीसुद्धा ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीच, आणि फुकट. रोज १० मिनिटं, आवाज बंद, तो म्हणेल तेव्हा थांबायचं. महिनाभर तो आपलाच टिळा बघून हसत होता. मग मोबाइलशेजारी केशरगंधाची वाटी ठेवायला सुरुवात केली, काही न बोलता. तीन महिन्यांनी त्याने स्वतःचं बोट वाटीत बुडवून कपाळाला लावलं. आजही दुसऱ्या कुणाला लावू देत नाही, स्वतःच लावतो. त्यासाठी आता मोबाइल लागत नाही.

पैशांचंही बोलू या, कारण कर्ज काढून पॅकेज घेणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. आधी जे आपल्या हक्काचं आहे ते घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे मुलाला दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो. दाखला काढला की मुलावर शिक्का बसेल, म्हणून लपवू नका. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. लहान मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं अ‍ॅप आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही आणि मोफत. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटरसारख्या, खास याच मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. हे सगळं पाहून झालं आणि हातात पैसे उरले, तर मग चष्मा.

शेवटी आपल्याबद्दल. गेल्या वर्षी अभिषेकाच्या वेळी कुणीतरी जोरात घंटा वाजवली आणि चिनू ओरडला. एक काकू म्हणाल्या, “बाहेर न्या त्याला.” दुसऱ्या हळूच म्हणाल्या, “कुठल्या जन्मीचं असेल कोण जाणे.” जाऊ त्यानंतर चार महिने मंदिरात आली नाही. कुणाच्या कोणत्या कर्माचा उदय आहे, हे केवली भगवंतांनी जाणावं. आपण ते ओळखायला निघालो, तर आपलं स्वतःचं तेवढं बांधून घेतो. आपल्याला सांगितलेल्या भावना चार आहेत: मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य. या मुलांच्या वाट्याला आपण फार तर कारुण्य देतो. २४ लांछनं न चुकता लावणाऱ्या मुलाच्या वाट्याला प्रमोद का येऊ नये?

चेहरे वाचायला शिकवणारा चष्मा मुलांसाठी निघाला. त्यांचा चेहरा वाचायला आपण शिकायचं, तर त्याला चष्मा लागत नाही. चिनू कान दाबतो, तेव्हा तो हट्ट करत नसतो, त्याला दुखत असतं. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

जाऊ त्या केंद्रात जाऊन पाचही प्रश्न विचारून आली. आईला आत बसू देत नाहीत, असं तिथे सांगितलं. तिने पॅकेज घेतलं नाही. “उद्या वाटलं तर?” हा प्रश्न तिच्या मनातून पूर्ण गेला असेल असं मला वाटत नाही, पण त्या रात्री ती शांत झोपली असं दीर म्हणाले.

आणि मी आमच्या मंदिराच्या विश्वस्तांना एक विनंती केली आहे. महिन्यातून एका सकाळी एक तास घंटा नाही, लाउडस्पीकर नाही, अशा मुलांना आणि त्यांच्या आयांना निवांत दर्शन घेऊ द्या. “बघू” म्हणालेत. तुम्हीही आपापल्या मंदिरात विचारा. चार ठिकाणांहून विचारणा झाली, तर ‘बघू’चं ‘बरं’ व्हायला वेळ लागणार नाही.

दरवर्षी क्षमावाणीला मी घरातल्या सगळ्यांची क्षमा मागते. त्या सिंहाच्या दुपारबद्दल चिनूची मात्र कधी मागितली नव्हती, त्याला काय कळणार म्हणून. यंदा त्याच्यासमोर बसून मागितली. तो माझ्याकडे बघत नव्हता, कार्डं लावत होता. शेवटचं, सिंहाचं कार्ड त्याने माझ्या हातात दिलं.

जय जिनेंद्र.